जास्तीचा खण

तेरावा उरकून कृष्णराव थेट ऑफिसात आले. सकाळपासून घोकलेलं वाक्य शर्वरीनं ओठांवर तयार ठेवलं होतं. काका, मी तुम्हाला काही दाखवलंच नव्हतं.

त्यांची बायको गेली होती. इंदुमतीबाई राऊ गावातल्या एका नर्सिंग होममध्ये होत्या आणि आमच्याच कंपनीचा मॉनिटर लावा, असा हट्ट कृष्णरावांनीच धरला होता. बाईंचा श्वास मंदावला. मॉनिटरनं आकडा दाखवला, पण अलार्म वाजला नाही. नर्स शेजारच्या खोलीत होती.

मॉनिटरचा ड्रायव्हर, म्हणजे ते मशीन चालवणारा प्रोग्रॅम, कृष्णरावांच्याच हातचा. ज्या अ‍ॅरेची, म्हणजे ओळीनं मांडलेल्या खणांची, लांबी आधी ठाऊक नसते, तिथे नावापुरता एक खण लिहून ठेवायची तेव्हाची रीत. आता नुसता रिकामा कंस लिहितात आणि लागेल तेवढी जागा मोजून घेतात. सगळा ड्रायव्हर नव्या रीतीत आणायचं काम शर्वरीकडे आलं, आणि तिनं ते झपाट्यानं हातावेगळं केलं. एका ठिकाणी मात्र तो नावापुरता खण खरोखर वापरात होता. संदेशाच्या शेवटाची खूण त्यात बसायची. खण गेला आणि तेवढी जागा वाढवायची राहिली. मग लांब संदेश आला की खूण शेजारच्या जागेवर पडायची, आणि अलार्म चालू की बंद हे नेमकं तिथेच लिहिलेलं होतं. चाचणीतले संदेश आखूड होते. सगळं पास झालं.

दुसऱ्यानं तपासल्याशिवाय कुठलाही बदल पुढे जायचा नाही, असा नियम होता. पण कृष्णराव आता अधूनमधूनच यायचे, त्यामुळे ऑफिसानं सोपी वाट काढली होती. तपासणाऱ्याच्या जागी काकांचं नाव टाकून द्यायचं. म्हाताऱ्याचा मान राहतो, कामही अडत नाही. काही बदल त्यांना खरंच दाखवले जायचे, बरेचसे नाही. न दाखवलेल्या कुठल्या बदलांवर आपलं नाव आहे, ते त्यांना कळायचा प्रश्नच नव्हता.

कृष्णराव ओरडले नाहीत. अलार्म का वाजला नाही, एवढंच त्यांनी विचारलं. मालक यशवर्धननं शर्वरीचा बदल उघडून स्क्रीन त्यांच्याकडे वळवला.

"काकाजी, चेक तर तुम्हीच केलं होतं ना. नीचे नाम देखो."

कृष्णराव आपल्याच नावाकडे बघत राहिले. नुकत्याच भादरलेल्या डोक्यावरून त्यांनी हात फिरवला. मग ते शर्वरीकडे वळले. या पोरीला पहिली ओळ लिहायला त्यांनीच शिकवलं होतं.

"बेटा, तू दाखवलं होतंस ना मला? आजकाल माझं ध्यान नसतं."

घोकलेलं वाक्य ओठांवरच होतं. यशवर्धन तिच्याकडे बघत होता. तिला स्वतःची लाज वाटली, पण भीती त्याहून मोठी होती.

"हो, काका," ती म्हणाली.

कृष्णरावांनी मान हलवली. खिशातून चष्मा काढून लावला, खुर्ची पुढे ओढली आणि तिनं केलेला बदल वाचायला घेतला. फार वेळ लागला नाही. त्यांचं बोट एका ओळीवर थांबलं.

"हे काय, इथंच तर आहे. पाहिल्या पाहिल्या दिसतंय, बेटा. मग तेव्हा मला कसं नाही दिसलं?"