आवाज येत नाही

मॅनेजरनं लांबूनच दोन बोटं खाली केली, तसं माइकवाल्यानं आवाजाचं बटण खाली आणलं.

सकाळी ठरलंच होतं तसं. रंगाच्या कारखान्याला आणखी एक युनिट वाढवायचं होतं. त्याआधी आसपासच्या लोकांचं म्हणणं ऐकून घ्यायला सरकारी साहेब आले होते. हॉल कंपनीचा, खुर्च्या कंपनीच्या, माइकही कंपनीनंच लावलेला. "आपली माणसं बोलतील तेव्हा फुल," मॅनेजरनं बजावलं होतं, "मागच्या गल्लीतली बोलतील तेव्हा जरा बेतानं. उगाच गोंगाट नको." माइकवाल्यानं मान डोलावली होती. कंपनीच्या प्रत्येक कार्यक्रमाला त्याचाच साउंड असायचा. घर त्यावरच चालायचं.

कंपनीचं सगळं मोठ्या आवाजात सांगून झालं. पाणी कसं शुद्ध करतात, थेंबसुद्धा कसा बाहेर जात नाही. मग गल्लीतली माणसं उठायला लागली. पहिले उठले ते म्हातारे कंपाउंडर. दम्यानं आधीच आवाजाचा पत्ता नाही, त्यात बटण खाली. ओठ हलताना दिसत होते, तेवढंच.

"आवाज येत नाही!" मागून कुणीतरी ओरडलं.

साहेबांनी कानामागे हात धरला, थोडा वेळ प्रयत्न केला, मग घड्याळ पाहिलं. "बरं, नोंद घेतली. पुढचे."

कंपाउंडर क्षणभर तिथंच उभे राहिले. मग भिंतीला धरत धरत बाहेर पडले. नंतर एक बाई बोलली, तिच्यामागून शिंपी बोलला. नोंद घेतली, नोंद घेतली. लोकही कंटाळले होते. अशी सुनावणी मागेही झाली होती आणि तिचं पुढं काय झालं ते सगळ्यांना ठाऊक होतं. दोघं-तिघं रांग सोडून जांभया देत जागेवर जाऊन बसले.

माइकवाला मान खाली घालून बसला होता. पुढं कोण आलंय म्हणून त्यानं वर पाहिलं. माइकसमोर त्याच्या सासूबाई उभ्या होत्या.

त्यांचं घर कारखान्याच्या मागच्याच गल्लीत. पण त्या बोलायला येणार हे बायकोनं त्याच्या कानावर घातलं नव्हतं. सासूबाईंनी पदर खोचला. माइकवर टिचकी मारली. काही नाही. पुन्हा मारली. मग त्या वळल्या आणि थेट कोपऱ्यातल्या मशीनकडे पाहून म्हणाल्या,

"जावईबापू, आवाज येत नाही."

पेंगुळलेला हॉल खदखदून हसला. साहेबही हसले. "जावई का? अहो, मग सासूबाईंचा आवाज वाढवा की!"

मॅनेजर हसत नव्हता. त्याची बोटं खालीच होती.

लग्न झाल्यापासून या बाईचा आवाज जरा कमी व्हावा म्हणून माइकवाला देवाला विनवत आला होता. त्यानं मॅनेजरकडे पाहिलं, सासूबाईंकडे पाहिलं, आणि बटण वर नेलं. स्पीकर एकदा किंचाळला. मग सासूबाईंचा श्वाससुद्धा हॉलभर ऐकू यायला लागला.

"साहेब, कारखान्यात आज कुठला रंग चाललाय हे आम्हाला कुणाला विचारावं लागत नाही. नळ सोडायचा आणि बादलीत बघायचं. काल निळा होता, आज हिरवट आहे." एवढं बोलून त्या थांबल्या. पुढचं बोलताना त्यांचा स्वर आपोआप उतरला. "माझी नात दर सुट्टीत यायची. गेल्या वर्षी येताना घरून पाण्याची बाटली घेऊन आली. आजीच्या घरी पोर पाणी घेऊन आली, साहेब. या वर्षी तिला पाठवलंच नाही. पाठवलं नाही यात तिच्या आईबापाची चूक नाही. त्यांच्या जागी मी असते तर मीही पाठवलं नसतं."

पाठवायचं नाही, हे माइकवाल्यानंच ठरवलं होतं. तो मशीनवरच्या लाल दिव्याकडे बघत राहिला.

साहेबांनी पेन हातात घेतलं. "आधीचे लोकही हेच सांगत होते का?"

"हेच. दुसरं काय सांगणार?"

"मग त्यांनी पुन्हा बोलावं. मला ऐकू आलं नव्हतं."

ती बाई पुन्हा बोलली. शिंपी पुन्हा बोलला. रांग सोडून बसलेलेही उठले. कंपाउंडरांना बोलवायला माणूस धाडला, तो एकटाच परत आला. "पुन्हा यायचं त्राण नाही म्हणाले." ऊन उतरल्यावर साहेबांनी जाहीर केलं की गल्लीतल्या पाण्याची तपासणी होईपर्यंत परवानगी नाही. टाळ्या कुणी वाजवल्या नाहीत. सगळे दमले होते.

माइकवाला वायरी गुंडाळत असताना मॅनेजर शेजारी येऊन उभा राहिला. "आता आपल्या कार्यक्रमांना येऊ नकोस."

"बरं, साहेब."

स्पीकर टेंपोत चढवून त्यानं सासूबाईंना पुढं शेजारी बसवलं.

"काम गेलं ना?" त्यांनी विचारलं. घसा पार बसला होता.

"गेलं."

गाडी कारखान्याच्या भिंतीच्या कडेनं निघाली. त्यानं खिडकीची काच वर केली.

"आई, यानं काही होईल का हो?"

"तपासणी होईल. मग पुन्हा सुनावणी." त्यांनी डोळे मिटून डोकं मागे टेकवलं. "आणि तेव्हा दुसरा माइकवाला आणतील. कोण ते कळलं की मला सांगा, जावईबापू. त्याची सासू कुठं राहते, चौकशी करून ठेवते."