मिश्रीची डबी

"या वयात ब्रश फिरवून मला काय लगीन करायचंय व्हय?" शेवंताबाई म्हणायच्या आणि हिरड्यांतून रक्त आलं तरी मिश्रीच घासायच्या.

कोरोनानं त्यांना दवाखान्यात नेलं. डॉक्टरांनी सून शालनला फोनवर बजावलं, "तोंडातली घाण छातीत उतरली तर आजार बळावेल. ब्रश पाठवा." शालननं ब्रश पाठवला, सासूचा जीव तळमळेल म्हणून लुगड्याच्या घडीत ताज्या मिश्रीची डबीही लपवली.

पंधरवड्यानं सासूबाई गेल्या. फाटकाशी नर्सनं त्यांची पिशवी शालनच्या हातात दिली. डबी काठोकाठ भरलेलीच होती. ब्रशचे केस मात्र पार पिंजारले होते.

"आजी सारख्या दात घासायच्या," नर्स म्हणाली. "तोंड उघडून दाखवायच्या, विचारायच्या, 'आता तरी घरी सोडशील न्हवं?'"