डाव्या मूत्रपिंडातला साठा

खनिकर्म कार्यालयात भूवैज्ञानिक लांजेवारबाईंनी सोनोग्राफीचा फोटो उजेडात धरला. "राहांगडाले काका, छान थर बसलेत. मँगनीज शेहेचाळीस टक्के."

खात्याने गावच्या विहिरींत मँगनीज जमवणारे जिवाणू सोडल्याला सहा वर्षं झाली होती. मँगनीज खडकात जमेल असा अंदाज होता. जमलं माणसांच्या पोटात.

"मग मुतखडा काढू द्या न, मॅडम. बसवत नाही."

"खाणपट्ट्याशिवाय उत्खनन नाही. शिवाय साठा अजून वाढतोय."

"पोट माझं आहे न?"

"आहे ना. जमीनमालक तुम्हीच." सकाळपासूनचे ते एकविसावे जमीनमालक होते. "फक्त खनिज सरकारचं."

"आणि दुखणं?"

बाईंनी दमून नियमपुस्तिका चाळली.

"ते मालकाकडेच राहतं."