हिरव्या चौकडीचा खिसा

भाचीने मोबाईलवर लोकांचे ब्लॉग दाखवले आणि शिवणकाम करणाऱ्या मावशींना नादच लागला. कुणी निवडुंगांवर लिहायचं, कुणी जुन्या रेडिओंवर, कुणी नुसतं रोजच्या फिरण्यावर.

आज दुपारी मात्र त्यांचं टाळकंच सटकलं. तिन्ही ब्लॉगवाल्यांच्या अंगात तोच हिरव्या चौकडीचा शर्ट, आणि खिशाच्या रेघा शर्टाच्या रेघांशी बोटभर चुकलेल्या!

"चौकडी जुळवता येत नाही, तर कात्री धरावीच कशाला माणसाने?"

"जाऊ दे गं मावशी, तीन वर्षांपूर्वीचे फोटो आहेत."

"म्हणून काय झालं? लिही तिघांनाही, कुठल्या अडाण्याने शिवलाय हा?"

भाचीने लिहिलं. तिघांकडून लगेच एकच उत्तर आलं: 'तुम्ही. आज.'

"मी? चाळीस वर्षांत माझी एक रेघ चुकली नाही!"

तणतणतच मावशींनी सकाळच्या गिऱ्हाइकाचं पुडकं सोडलं. आत तीन शर्टांचं कोरं कापड होतं. हिरव्या चौकडीचं.

"आता दाखवतेच एकेकाला!"

त्यांनी कापड बेतलं, रेघेला रेघ लावली, श्वास रोखून खिसा शिवला आणि सुईखालून बाहेर काढला.

बोटभर चुकला होता.

त्यांनी दात-ओठ खात तो उसवला आणि पुन्हा शिवला.

पुन्हा बोटभर.