कोरं सोडलेलं गणित

ज्योत्स्ना मॅडमना या उद्योगातून मिळणार होतं ते एवढंच: गणिताचा एक जादा तास, आणि तो घ्यायला प्रयोगशाळेची किल्ली. नववीची चाचणी त्यांनी त्याच आशेवर घेतली होती. दहावीत आपटणारं पोर नववीतच ओळखू आलं, तर सावरायला हातात वर्ष असतं. पेपर वाटताना त्यांनी बजावलं होतं, "येत नसेल तर कोरं सोडा. शेजारच्याचं उतरवू नका. कोरं दिसलं, तरच मला कळेल कुणाला काय शिकवायचं."

अकरा नावांपुढे लाल खूण आली.

हेडसर ती नावं बघून इतके खूश झाले, की त्यांनी मॅडमसाठी चहा मागवला. आता हेडसर काही उगाच चहा पाजणारे गृहस्थ नव्हेत. त्यांना गेटवर शंभर टक्के निकालाचा फ्लेक्स लावायचा होता.

"मॅडम, आपण दरवर्षी निकाल लागल्यावर रडतो. तुम्ही आधीच दाखवून दिलंत. यांना नववी पास करू आणि दाखले हातात देऊ. सतरा नंबरचा फॉर्म भरतील, घरी अभ्यास करून दहावीला बाहेरून बसतील."

"आणि नापास झाले तर?"

"तर आपले नव्हेत."

"सर, मी जादा तासासाठी विचारलं होतं."

"घ्या की. उरलेल्यांचा."

निकालाच्या दिवशी पायलचे वडील धोंडीराम सिन्नरहून कंपनीच्या कपड्यांतच आले. पायल मागे उभी होती. दाखला घडी करून त्यांनी खिशात ठेवला, पुन्हा काढला.

"मॅडम, हिनं काय मारामारी केली का?"

"नाही हो, दादा."

"मग काय उचललं बिचललं?"

"काहीच केलं नाही तिने."

"काहीच केलं नाय, तर दाखला दिला. केलं असतं तर काय दिलं असतं?" ते हसायला गेले, पण जमलं नाही. "अकरावीला सायन्स घ्यायचं म्हणती. घरी कोण शिकवणार हिला? आमच्यात दहावीपर्यंत आलेली हीच पहिली."

मॅडम पायलकडे बघत होत्या. पायल गेटजवळच्या साईकडे. साई तिच्या बाकावर बसायचा, आणि वरच्या वर्गात चालला होता.

"साईला पण ते गणित येत नव्हतं," पायल म्हणाली. त्यात तक्रार नव्हती. "त्याने पुढच्याचं उतरवलं. मलापण दाखवत होता. मी म्हटलं, मॅडमनी कोरं सोडायला सांगितलंय."

धोंडीरामांनी दाखल्याची पुन्हा घडी केली. "चल," ते म्हणाले.

जूनमध्ये शाळा उघडली. हेडसर निर्धास्त झाले, साईला अख्खा बाक मिळाला, आणि मॅडमना किल्ली. किंमत अकरा घरांनी मोजली. ज्यांनी मॅडमचं ऐकलं होतं, त्या अकरा.

पहिल्याच जादा तासाला मॅडमनी एक छोटी चाचणी दिली. म्हणाल्या, "येत नसेल तर कोरं सोडा." वर्गाने माना डोलावल्या.

पेपर गोळा झाले. एकही जागा कोरी नव्हती. सगळ्यांचं उत्तर एकच होतं, आणि ते चुकलेलं होतं.