झाकणावरची बोटं

जी डिश काळोखी राहायला हवी होती, तीच हिरवी चमकत होती.

दर्शनाने निळा टॉर्च विझवला, पिवळा गॉगल पुसला आणि पुन्हा पाहिलं. हिरवीच.

कर्करोगाच्या पेशी आपला निरोप सूक्ष्म पुड्यांत बांधून शेजारच्या पेशींकडे पाठवतात. ठाण्याच्या या प्रयोगशाळेत दर्शनाने त्या पुड्यांना चमकणारं प्रथिन जोडलं होतं. पुडी कुठे पोचते ते त्यामुळे दिसायचं. एका डिशमधल्या पेशींवर तिने पुड्या सोडल्या होत्या. ती चमकणारच. दुसरीत काहीच सोडलं नव्हतं. तीही चमकत असेल, तर तीन वर्षांचं काम पाण्यात. आणि दुपारी हेच काम तपासायला समिती येणार होती.

त्यात काल गावी, कोपरला, मयूरची हळद झाली. सख्ख्या भावाची. पेशी सोडून जाता येईना, म्हणून करवली इथल्याच हॉस्टेलवर झोपली. फोनवर आई एवढंच म्हणाली होती, "बरं." ते "बरं" तिला शिवीपेक्षा जास्त लागलं होतं.

"मी म्हणालेलो, हळदीला जा," शेजारच्या टेबलावरचा नयन म्हणाला. "रडायचंच होतं, तर नाचून तरी रडायचं."

"गप रे."

तिने टॉर्च पुन्हा लावला. या वेळी तिरका धरला. चमक आत नव्हतीच, झाकणावर होती. एका बाजूला चार ठिपके, दुसऱ्या बाजूला एक. बोटं!

तिने नवे हातमोजे चढवले, झाकण बदललं आणि डिश सूक्ष्मदर्शकाखाली ठेवली. पेशी काळ्याकुट्ट. इतका सुंदर काळोख तिने कधी पाहिला नव्हता.

मग राग आला.

"हातमोजे न घालता कोणी हात लावला?"

नयनने दोन्ही पंजे पुढे केले. टॉर्चखाली काहीच चमकलं नाही.

"माझ्याकडे धर," दारातून आवाज आला.

प्रयोगशाळेच्या प्रमुख संचिता मॅडम. हातमोजे नसले तर माणसाला बाहेर काढणाऱ्या. त्यांनी मुकाट्याने हात पुढे केले. निळ्या उजेडात त्यांची दहाही नखं हिरवीगार पेटली.

"सकाळी आले, तर राहवलं नाही गं. म्हटलं, तुझी डिश बघावी."

"पण मॅडम, हे काय आहे?"

"हळद. निळ्या उजेडात चमकते, हे मीच वर्गात शिकवते. घासघासून धुतली, तरी नखांत राहिली." मॅडम पहिल्यांदाच लाजल्या. "पत्रिका तूच दिलेलीस ना? काल हळदीला नुसतं तोंड दाखवून निघणार होते. तुझ्या आईने हात धरला आणि मांडवात ओढलं. म्हणाली, 'करवली नाय, त तिची बाई नाचंल!'"