मंदाबाईचे पाय

सिहोऱ्याच्या मंदाबाईचे गुडघे असे धरले होते, की धानाच्या रोवणीला जाणंही सुटलं. शेवटी तिची लेक हर्षा तिला डोंगरातल्या एका रिसॉर्टवर, गरम पाण्याच्या कुंडाला घेऊन आली.

बराच वेळ पाण्यात बसून मंदाबाई बाहेर आली, ती काठीशिवाय.

"हर्षा, पाय दुखूनच नाही राहिले वं माय!" म्हणत ती काठानं ताठ चालू लागली. हर्षाचा जीव भांड्यात पडला.

मग तिचं लक्ष पाण्याकडे गेलं. आईचं प्रतिबिंब वाकून, लंगडत चाललं होतं.

"चाल, घरी जाऊ," म्हणत आई हसत फाटकाकडे गेली.

प्रतिबिंब मात्र पाण्यातच थांबलं. त्यानं वर पाहिलं आणि आधारासाठी हर्षाकडे हात केला.